पतंगाचा दोरा गुंडाळण्याचे धडे : रेशीमकिडा, कारल्याचा वेल आणि आसारी

येवल्यात माझं आजोळ. तिथली संक्रांत एका दिवसात संपत नाही. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या माणसांनी भरलेल्या असतात, खाली हलकडी वाजत असते आणि वर ज्याच्या त्याच्या हातात आसारी, म्हणजे दोरा गुंडाळायचा बांबूचा पिंजरा, असते. पहिल्या वर्षी मामांनी मला पतंग दिलाच नाही, आसारी दिली. "आधी दोरा गुंडाळायला शीक, उडवायचं मग बघू," म्हणाले. मी रुसून बसलो होतो. पण आज कुणी नवखं माझ्याकडे शिकायला आलं, तर मीही त्याच्या हातात आधी दोराच देतो. कारण नवख्याचा सणाचा निम्मा दिवस पतंगात जात नाही, गुंता सोडवण्यात जातो. आणि सोडवता न आलेला गुंता झाडावर, तारांवर किंवा कचऱ्यात जातो, तिथून पुढे तो पाखरांच्या पायात अडकतो.

येवल्यात पतंग आणि पैठणी एकाच गल्लीत नांदतात. विणकराच्या घरात रेशमाची लड उलगडायला जी बांबूची चौकट असते तिचंही नाव आसारीच. तिथून रेशीम रहाटावर जातं आणि रहाटावरून कांडीवर. केसाहून बारीक धागा इतक्या ठिकाणी फिरतो आणि तरी गुंतत नाही, हे लहानपणी बघितलं आणि मनात घर करून राहिलं. पुढे कारल्याचा वेल, कोळी, रेशमाचा कोष हे सगळं त्याच नजरेने बघायची सवय लागली. धागा नीट ठेवण्याचं काम त्यांनी आपल्याआधी कितीतरी काळ केलेलं आहे. खाली जे सांगतोय ते त्यांच्याकडूनच घेतलेलं आहे.

सुरुवात कोणत्या दोऱ्याने करावी

साध्या सुती दोऱ्याने. बाजारात तो सहा तारी, नऊ तारी, बारा तारी असा मिळतो. म्हणजे तितके बारीक धागे एकत्र पिळून तो केलेला असतो. शिकायला नऊ तारी पुरे. काचेचा मांजा नवख्याने हातातच धरू नये, त्याने आधी आपलीच बोटं कापतात. नायलॉनचा आणि इतर कृत्रिम धाग्याचा मांजा तर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंद केला आहे. तो कुजत नाही, सहज तुटत नाही आणि माणसांचे गळे व पक्ष्यांचे पंख चिरतो. चोरून कुणी देत असेल तरी घेऊ नका.

पहिली पायरी : पीळ ओळखा

गुंडाळायला बसण्याआधी एक छोटा प्रयोग करा. हातभर दोरा घ्या. एक टोक डाव्या चिमटीत घट्ट धरा आणि दुसरं टोक उजव्या चिमटीत फिरवत राहा, तीस-चाळीस वेळा. दोरा ताणलेला आहे तोवर काहीच दिसणार नाही. आता दोन्ही हात हळूहळू जवळ आणा. मधोमध दोरा आपणहून वळतो, स्वतःलाच मिठी मारतो आणि एक छोटी शेपटी तयार होते. ती शेपटी बोटाने सोडवून बघा. हात ढिले करताच परत येते.

गुंत्याचं मूळ हेच. दोऱ्यात पीळ भरला आणि ताण सुटला, की अढी पडते. अढीत दुसरा वेढा अडकतो, त्यात तिसरा. आपण घाईने ओढलं की अढी घट्ट होते आणि तिची गाठ बनते.

मग हा पीळ दोऱ्यात शिरतो कुठून? बहुतेक वेळा आपणच भरतो. रीळ जमिनीवर उभं ठेवलं आणि दोरा त्याच्या डोक्यावरून ओढून घेतला, तर दर वेढ्यामागे दोऱ्यात एक पीळ येतो. रीळ काठीत ओवून फिरू दिलं, तर एकही येत नाही. हिशोब करून बघा. दहा सेंटिमीटर व्यासाच्या फिरकीचा एक वेढा साधारण ३१ सेंटिमीटरचा. तीनशे मीटर दोरा म्हणजे जवळपास साडेनऊशे वेढे. फिरकी न फिरवता तिच्या कडेवरून दोरा उतरवला, तर साडेनऊशे पीळ तुमच्या दोऱ्यात गेले. वाळत घालायची दोरी आपण अंगठा आणि कोपर यांच्याभोवती गुंडाळतो, त्यातही हेच होतं. जाड दोरी ते सोसते. पतंगाचा दोरा सोसत नाही.

कारल्याच्या तणाव्याकडे बघा

कारलं, काकडी, भोपळा, कृष्णकमळ, यांपैकी कुठलाही वेल चालेल. वेलाचा तणावा आधाराला धरतो आणि मग स्प्रिंगसारखी वेटोळी घेऊन वेलाला आधाराकडे ओढतो. ही वेटोळी जवळ जाऊन मोजा. तणाव्याच्या एका टोकाकडून मधल्या भागापर्यंत ती एका दिशेने वळलेली असतात. मध्ये एक छोटासा सरळ तुकडा असतो आणि त्याच्यापुढे वेटोळी उलट दिशेने वळतात.

कारण सरळ आहे. तणाव्याचं एक टोक वेलाला पक्कं, दुसरं आधाराला पक्कं. दोन्ही टोकं धरलेली असताना मधल्या भागाला एकाच दिशेने वळता येत नाही, वळला तर पीळ साठून तो पिचेल. म्हणून जेवढे फेरे सुलटे, तेवढे उलटे. बेरीज शून्य. चार्ल्स डार्विनने १८६५ साली वेलींचा अभ्यास मांडताना हे नोंदवून ठेवलं आहे, आणि तुम्हाला ते परसातल्या मांडवावर आज दिसेल.

आपल्याला यातून एवढंच घ्यायचं: दोरा गुंडाळताना एक वळण सुलटं घातलं, तर दुसरं उलटं घाला. हे हाताने करायची सगळ्यात सोपी रीत म्हणजे मराठी आठाचा नव्हे, इंग्रजी आठाचा आकडा. दोन पोकळ घरांचा.

दुसरी पायरी : बोटांवरची लच्छी

इथे रेशीमकिडा गुरू. कोष विणताना अळी डोकं इकडून तिकडे झुलवत आठाच्या आकड्यात धागा टाकत जाते. एकावर एक तिरपे थर बसतात, कुठलाही वेढा दुसऱ्याखाली गाडला जात नाही. चांगल्या जातीच्या एका कोषात सलग, कुठेही न तुटलेला धागा जवळपास एक किलोमीटर असतो. पतंगाच्या दोऱ्याचं हजार वारांचं रीळ म्हणजे ९१४ मीटर; म्हणजे आपलं अख्खं रीळ त्या भुईमुगाच्या शेंगेएवढ्या कोषात मावलेलं आहे. मराठवाड्यात तुती लावणारे शेतकरी हे कोष जालन्याच्या बाजारात आणतात. कधी तिकडे गेलात तर एक कोष हातात घेऊन बघा. गरम पाण्यात धाग्यावरचा डिंक सुटला, वरची भुसभुशीत जाळी काढली आणि खरं टोक सापडलं, की धागा सरसर उलगडत येतो.

आता आपली लच्छी. डावा पंजा समोर धरा, अंगठा आणि करंगळी ताणून दूर करा, मधली तीन बोटं मिटून घ्या. दोऱ्याचं टोक मिटलेल्या बोटांत पकडा, ते शेवटपर्यंत सोडायचं नाही. दोरा अंगठ्याच्या बाहेरून वळवून तळव्यासमोर तिरपा आणा, करंगळीच्या बाहेरून वळवा, पुन्हा तिरपा अंगठ्याकडे न्या. तळव्यासमोर मधोमध फुली दिसली पाहिजे. दर फेऱ्याला फुली पडत असेल तर बरोबर चाललंय. फुली न पडता दोन्ही बोटांभोवती सरळ वेढा पडत असेल, तर तुम्ही पुन्हा पीळ भरताय. थांबा आणि एक वेढा मागे या.

घट्ट ओढू नका. बोट निळं पडायला लागलं म्हणजे ताण जास्त. दोरा संपत आला की शेवटची दोन वाव लांबी (वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर) राखून ठेवा, लच्छी बोटांवरून अलगद काढा, आणि राखलेल्या दोऱ्याचे चार-पाच वेढे तिच्या कमरेला, बरोबर फुलीवर घाला. टोक शेवटच्या वेढ्याखालून काढून घ्या. फुलपाखरासारखी दिसणारी ही लच्छी खिशात टाका, दोन दिवसांनी काढा, कमर सोडा. ती न अडखळता उलगडेल.

कटलेल्या पतंगाबरोबर आलेला दोरा, झाडावरून काढलेला दोरा, असे पन्नास-साठ मीटरपर्यंतचे तुकडे ठेवायला याच्याइतकं चांगलं काही नाही. त्याहून लांब दोऱ्याला बोटं पुरत नाहीत. मग वीतभर काठीच्या दोन्ही टोकांना खाच पाडा आणि तोच आठ काठीवर घाला.

तिसरी पायरी : रिळावरून आसारीवर किंवा फिरकीवर

आसारी म्हणजे मधला दांडा आणि त्याच्याभोवती बांबूच्या पात्यांचा पोकळ पिंजरा. फिरकी म्हणजे दोन तबकड्या, मध्ये दंडगोल, दोन्ही बाजूंना मुठी. विदर्भात तिला चक्री म्हणतात. नवख्याला कुठलीही चालेल. माझा ओढा आसारीकडे आहे, आणि तो केवळ आजोळामुळे नाही. ती हलकी असते, तिचा घेर मोठा असल्याने दोरा कमी वाकतो, आणि पोकळ असल्याने आतल्या थरांनाही हवा लागते.

भरायला दोघे बसा. एकाने रिळाच्या भोकातून पेन्सिल किंवा काडी घालून ती दोन्ही हातांत आडवी धरायची. रीळ फिरलं पाहिजे, दोरा त्याच्या डोक्यावरून सुटता कामा नये.

भरणाऱ्याने आधी आतलं टोक आसारीला बांधायचं. हे काम मी कोळ्याकडून शिकलो. कोळी छतावरून खाली उतरतो तेव्हा आधी धाग्याचं टोक छताला चिकटवतो, मगच उडी घेतो. वाटेत थांबला तरी धागा पुन्हा टेकवतो. नवखा नेमकं हेच विसरतो. टोक न बांधता तसाच वेढे घालत सुटतो, आणि एक दिवस लांबच्या ढिलीत सगळा दोरा सरसर निघून पतंगासकट जातो. पात्याला दोन वेढे, एक फास, वर एक गाठ. एवढ्याने भागतं.

मग गुंडाळायला लागा, पण दोरा एका जागी रचू नका. कोष आठवा. हात सावकाश डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे न्या, म्हणजे वेढे तिरपे पडतील आणि एकमेकांना ओलांडतील. समांतर, चिकटून घातलेले वेढे दिसायला देखणे असतात, पण पेच लागून जोराचा ताण आला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या फटीत रुततो. पुढच्या ढिलीला तो तिथेच अडकतो आणि पतंग झटका खातो. तिरप्या वेढ्याला रुतायला फटच मिळत नाही.

ताण किती ठेवावा? दोरा सुती फडक्याच्या घडीतून सरकू द्या आणि फडकं दोन बोटांत हलकं धरा. फडक्याचे दोन फायदे आहेत. बोट कापत नाही, आणि दोऱ्यातली गाठ किंवा विरलेली जागा हाताला लागते. तिथे थांबून तेवढा तुकडा कापा आणि नवी गाठ मारा. भरून झाल्यावर वरच्या थरावर अंगठा दाबून बघा: मऊ गादीसारखा दबला तर सैल झालाय, दगडासारखा लागला तर फार ताणलाय.

चौथी पायरी : पतंग उतरवताना

सगळ्यात जास्त गुंता इथे होतो. आपण हातावर हात टाकून पतंग खाली ओढतो आणि दोरा पायाशी पडत जातो. त्या ढिगात सगळ्यात वर पतंगाकडचा दोरा असतो आणि सगळ्यात खाली आसारीकडचा. पतंग हातात आला, की नवखा आसारी उचलून गुंडाळायला लागतो, म्हणजेच ढिगाच्या तळातून दोरा उपसतो. वरचे सगळे वेढे त्याच्यासोबत उचलले जातात आणि काम बिघडतं.

खरी रीत अशी: आसारी धरायला कुणीतरी असावंच, आणि तुम्ही ओढाल तसं त्याने गुंडाळत राहावं. ढीग पडूच देऊ नये. एकटे असाल, तर जवळ एक रिकामी आसारी ठेवा. पतंग उतरला की कन्नीतून, म्हणजे पतंगाला बांधलेल्या दोऱ्याच्या फासातून, दोरा सोडा आणि ते टोक रिकाम्या आसारीला बांधून वरून गुंडाळायला लागा. जे शेवटी पडलं ते आधी उचललं, तर ढीग शांतपणे उलगडतो. दोरा पडताना मात्र त्यात कुणाचा पाय येऊ देऊ नका, आणि वारा असेल तर आडोशाच्या कोपऱ्यात पाडा.

दिवसभर उडवून दोऱ्यात पीळ साठलेला असतोच, कारण पतंग गिरक्या घेतो. त्याच्यावरचा उपाय सोपा आहे. धाग्याला लोंबकळणारा कोळी बघा; एखादी वस्तू दोरीला टांगली की ती गरगरते, पण कोळी जवळजवळ स्थिर असतो. त्याच्या रेशमात पीळ जिरवण्याचा गुण आहे. सुताला तो नाही, सूत गरगर फिरूनच पीळ सोडतं. म्हणून त्याला फिरू द्या. पतंगाकडचा पंधरा-वीस मीटर दोरा गच्चीच्या निवांत बाजूने खाली सोडा आणि टोकाला किल्ली किंवा छोटी पुडी बांधा. ती एका दिशेने फिरत राहील, दमेल, थोडी उलटी येईल आणि थांबेल. मग गुंडाळा. खाली माणसांची ये-जा आणि विजेच्या तारा नाहीत, हे आधी बघायचं.

गुंता झालाच तर

ओढू नका. एवढं एक पाळलंत तर दहातले आठ गुंते सुटतात. दोऱ्याची टोकं सहसा गुंत्यातून आरपार गेलेली नसतात, त्यामुळे तिथे खऱ्या गाठी थोड्या आणि एकमेकांत अडकलेले वेढेच जास्त असतात. गुंता फिकट चादरीवर ठेवा, बोटं आत घालून पुऱ्या लाटल्यासारखा चहूबाजूंनी रुंद करत जा. पोळीएवढी पोकळी झाली की एखादा वेढा आपणहून बाहेर घसरतो. टोक सापडलं की ते लगेच बोटांवर आठात गुंडाळत जा, पुन्हा मोकळं सोडू नका.

अर्धा तास झाला आणि प्रगती नसेल तर कापा. पण कापून तसाच टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. अमेरिकेतल्या दोन अभ्यासकांनी २००७ साली दोरीचे तुकडे पेटीत घालून हजारो वेळा गरगरा फिरवले. लांब दोरीला काही सेकंदांत गाठी पडल्या, पण सुमारे ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड तुकड्यांना जवळजवळ पडल्याच नाहीत. दोरी कडक असली, पेटीत तिला उलटायला जागा कमी असली, तरी गाठी कमी. कचऱ्यात गेलेला लांब दोरा वाऱ्याने, कुत्र्यांच्या पायांनी असाच घुसळला जातो आणि मग कावळ्या-कबुतरांच्या पायाला वेढे बसतात. एका करीदिनाला शेजारच्या चिंचेवर मी असा कावळा सोडवला आहे. पायातल्या वेढ्याने बोट सुजून काळं झालं होतं आणि वेढा काढायला नखही आत जात नव्हतं. तो दोरा आमच्याच गच्चीवरचा होता की नाही, मला कधी कळलं नाही. तेव्हापासून आमच्या घरी गुंता वीतभर तुकडे करून, कागदात बांधूनच टाकतात. कात्रीने पाच मिनिटांचं काम आहे.

करीदिनाच्या संध्याकाळी हात पोहोचेल तेवढ्या झाडांवरचाही दोरा काढा. टोकाला खाच पाडलेल्या काठीवर तो शेवयांसारखा गुंडाळून येतो. विजेच्या तारांवरचा मात्र तसाच राहू द्या आणि वीजवाल्यांना कळवा.

वर्षभर ठेवताना

सुती दोऱ्याचे तीन शत्रू: ओल, ऊन आणि तोंड असलेले जीव. मांजाला भाताची खळ असते, साध्या दोऱ्यालाही कधी कांजी असते, त्यामुळे उंदीर आणि कसर दोन्ही येतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बुरशीही धरते. म्हणून आधी आसारी दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टांगा. उन्हात नको, उन्हाने वरचा थर कमकुवत होतो.

मग बाहेरचं टोक पात्याच्या खाचेत अडकवा आणि जुन्या धोतराचा किंवा ओढणीचा एक पट्टा थरांवर घट्ट गुंडाळा. दोऱ्याला हलायला जागा राहिली नाही की तो गुंतत नाही. पेटीतल्या दोरीचं ऐकलंतच. मग कापडी पिशवी, प्लास्टिकची नको. रेशमाच्या कोषातूनही हवा जाते-येते, बंद प्लास्टिकमध्ये आतला दमटपणा आतच राहतो. पिशवी पत्र्याच्या डब्यात, सोबत कडुनिंबाचा सुकलेला पाला, आणि डबा माळ्यावर जिथे गळती नाही अशा ठिकाणी. लच्छ्या असतील तर प्रत्येकीला चिठ्ठी लावा: किती तारी, अंदाजे किती मीटर, कोणत्या साली घेतला. जानेवारीत त्याचा फार उपयोग होतो.

डिसेंबर संपताना डबा उघडा. वरचे वीस-पंचवीस हात सोडवून दोन्ही हातांत झटका देऊन ओढा. तुटला तर तेवढा भाग कापा, वीतभर तुकडे करा आणि पुढचे दहा हात पुन्हा तपासा. बहुतेक वेळा वरचा थर गेलेला असतो आणि आतला दोरा गेल्या संक्रांतीला ठेवला तसाच निघतो.